तिचे नऊ, माझे सात

वसंता गेल्याची बातमी मला माझ्या नातीनं, दुर्गानं, सांगितली. तिला शाळेतच कळली होती, म्हणजे मला तिच्याही मागून. चौथीपासूनचा दोस्त माझा, आन् रडत होती ती. "आबा, गुरुजी गेले," एवढं म्हणाली आन् आईच्या कुशीत शिरली. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला रागच आला. मी गेल्यावर ही एवढी रडेल का... हेच डोक्यात.

पाथर्डीकडच्या एका गावात आम्ही दोघं शेजारी बसून शिकलो. चौथीला तो पास, मी नापास. तो गुरुजी झाला, मी विहिरी खणल्या. काम चोख केलं, पण पाटीवरची ती फुली काही मनातून पुसली नाही. म्हणून दुर्गाचं नाव शिष्यवृत्तीच्या यादीत यावं, एवढाच माझा हट्ट. रोज संध्याकाळी तिला गोल काळे करायला बसवायचो. प्रश्न मला धड वाचता येत नव्हते, पण पुस्तकाच्या मागची उत्तरं जुळवता येत होती.

वसंता निवृत्तीनंतरही शाळेत जायचा. एक दिवस दुर्गाच्या वर्गातली पोरं घेऊन माझ्याच विहिरीवर आला. म्हणतो, "पोरांना वाव द्यायला पायजे."

"वाव मला नको शिकवू," मी म्हणालो. आमच्या धंद्यात वाव म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल एवढा दोर. माझी विहीर सात वाव, गावाला ठाऊक. त्यानं माझाच दोर दगड बांधून तळाला सोडला, काठापाशी गाठ मारली, वर ओढून दुर्गाच्या हातात दिला. तिनं हात पसरपसरून मोजला.

"नऊ!"

"चूक. सात हाय."

"तिचे नऊ, तुझे सात," वसंता हसला. "दोघंबी बरोबर."

"परीक्षेत दोन गोल काळे केले की भोपळा मिळतो, गुरुजी!" मी सुनावलं.

पोरं खिदळली. दुर्गा मात्र त्याच्याकडंच बघत होती. "म्हणून मीटर काढला व्हय, गुरुजी?" विहीर माझी, दोर माझा, माप माझं... आन् विचारलं त्याला.

यादीत तिचं नाव आलं नाही. वसंता घरी आला, तर मी पायरीवरूनच परत धाडला. "तुझ्या वावानं माझी पोर बुडवली." पुढं दोन वर्षं तो समोर दिसला की मी वाट बदलायचो. तेवढ्यात तो गेलाच.

त्याच्या दहाव्यानंतर दुर्गा शाळेतून तो दोर घेऊन आली. त्यानं वर्गात खुंटीला जपून ठेवला होता, गाठीसकट. आता आमच्या दारामागं आहे. परवा घरात कुणी नव्हतं. काढला आन् गाठीपर्यंत मोजला. खांदा आखडलाय, हात पुरते पसरत नाहीत. आठ भरले. पुन्हा मोजला... आठच.

दुर्गाला सांगितलं नाही. सांगितलं तर हसून म्हणेल, "आबा, आता तुमचे आठ." आन् ते बोलणंही त्याचंच असेल.