पाच पानं झाल्याशिवाय दार उघडू नका

माझ्या पीएच.डी.ला सात वर्षं झाली होती आणि प्रबंध तिसऱ्या प्रकरणात अडकला होता. विषय होता माण तालुक्यातले आठवडे बाजार. मी साताऱ्यात प्राध्यापक, माझे मार्गदर्शक सांगलीला. त्यांचं पत्र आलं: 'रविवारी पुण्याला निघालो आहे. चार वाजता गाडी सातारा स्टँडवर थांबेल. तिसरं प्रकरण हातात पडलं नाही, तर दुसरा मार्गदर्शक शोधा.'

प्रकरणाची नऊ पानं तयार होती, शेवट राहिला होता. अशा वेळी कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मला भराभर प्रबंध लिहायला शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक दिलं. (त्याने स्वतः रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं.) त्यात उपाय होता: खोलीत बसा, बाहेरून कुलूप लावून घ्या, किल्ली खंबीर माणसाकडे द्या आणि पाच पानं झाल्याशिवाय बाहेर येऊ नका.

खंबीर माणूस घरातच होता. बायकोचे मामा, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, कोरेगावाहून चार दिवस राहायला आले होते. रविवारी जेवण उरकून मी त्यांना सगळं समजावलं.

"मी गयावया केली तरी उघडायचं नाही, मामा."

"जावई, आमी सरहद्दीवर पहारा दिलाय," ते म्हणाले. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि दारात खुर्ची टाकून बसले.

पुस्तक खरं निघालं. अडीचच्या सुमारास प्रकरण संपलं, पण दोनच पानांत. मी दार वाजवलं.

"झालं मामा, उघडा."

"किती पानं?"

"दोन. पण प्रकरण संपलं."

"पाच ठरल्यात."

"अहो मामा, आता लिहायला काही उरलंच नाही."

"तुमीच सांगितलंय, गयावया करणार म्हणून. त्येच चाललंय."

मी चिडलो, मग विनवलं, मग बायकोला हाक मारली. तिने बाहेरून मामांना खूप समजावलं. "आवं मामा, त्यांची गाडी चुकंल, सात वर्षांचं काम बुडंल." माहेरचं माणूस समोर असलं की तिची भाषा कोरेगावची होते.

"सुमन, ऑर्डर देणाऱ्यानंच ऑर्डर फिरवली तर फौज चालंल का?"

साडेतीन वाजले. खिडकीला गज होते. शेवटी मी टेबलाशी बसलो आणि जे मनात येईल ते लिहीत सुटलो. 'मी आळशी माणूस आहे. सात वर्षं मी सरांना फसवत आलो. माणच्या बाजाराला मी दोनदाच गेलो, त्यातही एकदा घोंगडी घ्यायला. दुसरं प्रकरण मला स्वतःलाच समजत नाही. सर रागावतात ते बरोबर आहे. त्यांनी मला चौथ्या वर्षीच हाकलायला हवं होतं.' तीन पानं भरली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

दाराखालून पाचही पानं बाहेर सरकवली. मामांनी ती मोजली, पालथी करून पाहिली आणि मगच करगोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ फौजी होती. सुटायला तीन मिनिटं लागली.

तेवढ्यात सुमनने मघाशी मीच बाहेर ठेवलेल्या नऊ पानांना ही पानं जोडून टाचणी मारली होती. मी गठ्ठा घेतला आणि चपला न घालताच स्टँडकडे पळत सुटलो. गाडी हलली होती. खिडकीतून सरांचा हात बाहेर आला, मी कागद त्यात कोंबले आणि खांबाला टेकून धापा टाकत उभा राहिलो. आपण वेळेत पोहोचलो, या आनंदात चांगला कपभर चहा प्यायलो.

घरी आल्यावर सुमनला विचारलं, "ती शेवटची तीन पानं कुठं टाकलीस?"

"टाकीन कशी? मामांनी मोजून दिली, मी सगळी लावली."

पुढचे आठ दिवस पोस्टमन दिसला की मी आतल्या खोलीत जायचो.

नवव्या दिवशी सरांचं कार्ड आलं. 'प्रकरण मिळालं. पहिली अकरा पानं पुन्हा लिहावी लागतील, त्यांना पुरावा नाही. शेवटची तीन पानं मात्र अचूक आहेत. त्यांतली प्रत्येक गोष्ट मी स्वतः पडताळून पाहिली आहे.'

सात वर्षांत सरांनी माझ्या संशोधनावर दिलेला तो पहिला चांगला अभिप्राय.