चार्ट कशात पाठवू?

माझी आत्या एका हॉस्पिटलात टायपिस्ट आहे. तिची खोली लिफ्टला इतकी चिकटून आहे की लिफ्ट थांबली की टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरतो. ती नोकरीला लागली तेव्हा तिथे टाइपरायटर होता. आता कॉम्प्युटर आहे, पण आत्या अजूनही कळा बडवते. शेजारचा कॅशियर म्हणतो, बाईंनी आज कोणावर राग काढलाय ते भिंतीतून कळतं.

पत्रं, दाखले असं बरंच काही ती टाइप करते, पण तिचा जीव आहे तो नर्सेसच्या ड्यूटी चार्टवर. कोण दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला, कोणाची सुट्टी केव्हा, हे आठवडाभराचं सगळं एका पानावर. सही मेट्रनबाईंची असते, मांडणी मात्र आत्याची. एकमेकींशी अबोला धरलेल्या दोघींना ती एका वॉर्डात टाकत नाही. जिची सासू अंथरुणाला खिळली आहे तिला सकाळ मोकळी देते. यातलं कुठेही काही लिहिलेलं नाही. सगळं तिच्या डोक्यात.

चार्टचे रकाने ती स्पेसबारने आखायची. टाइपरायटरवर हात बसलेला, त्यामुळे नाव झालं की अंगठ्याने टक टक टक करत पुढच्या रकान्यापर्यंत जायचं. तिच्या स्क्रीनवर ते रकाने भिंतीसारखे सरळ दिसत. पानाच्या तळाशी एक ठरलेली ओळ: ‘बदल असल्यास मला कळवावे.’ मग प्रिंट काढून वॉर्डाच्या दारांवर चिकटपट्टीने लावायची. कित्येक वर्षं कोणाची तक्रार नव्हती.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी कागद बंद केला. चार्ट सगळ्यांना ईमेलने जाईल, असा हुकूम निघाला. आत्याने वर्डची फाइल जोडली आणि पाठवून दिली.

नर्सेसनी ती फोनवर उघडली. फोनमध्ये आत्याच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट नव्हता. फॉन्ट बदलला की मोकळ्या जागेची रुंदीही बदलते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. रकाने एकमेकांच्या अंगावर कोसळले. सोमवारची ड्यूटी मंगळवारखाली, मंगळवारची कुठेच नाही. लंबू सिस्टर म्हणून जिला सगळे ओळखतात ती सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन हजर झाली, आणि मुलांच्या वॉर्डात सकाळी कोणीच आलं नाही. रात्रभर जागलेली नर्स दुपारपर्यंत तिथेच अडकली.

मॅनेजरांनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, हे तिला जास्त लागलं. पुन्हा असा घोळ झाला तर चार्टचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ आणि तुम्हाला खाली स्टोअरमध्ये बसवू, एवढंच ते म्हणाले. स्टोअर तळघरात आहे. तिथे खोक्यांशी बोलायचं, असं आत्याने मला घरी येऊन सांगितलं. जेवणाचं ताट पुढ्यात तसंच होतं.

मी कॉम्प्युटरचं शिकलेली, म्हणून रविवारी मला धरून बसवलं. मी म्हटलं, “आत्या, ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना पीडीएफ पाठव. तुला जसं दिसतं तसंच त्यांना दिसेल.” तिचा विश्वास बसेना. तिने पीडीएफ माझ्या फोनवर बघितली, बाबांच्या फोनवर बघितली, मग समोरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या तडा गेलेल्या फोनवरही बघून आली. सगळीकडे रकाने सरळ. त्या दिवशी तिने दोनदा जेवायला वाढून घेतलं.

हा आनंद बुधवारपर्यंत टिकला. हॉस्पिटलात रोज कोणाचं तरी मूल आजारी पडतं आणि ड्यूट्यांची अदलाबदल होते. मेट्रनबाई वर्डमध्ये स्वतःच नाव खोडून दुसरं घालायच्या. पीडीएफमध्ये त्यांना काही करता येईना. त्यांनी प्रिंट काढली, पांढऱ्या शाईने नावं पुसली, वर पेनने लिहिलं आणि त्याचा तिरका फोटो काढून आत्याला धाडला. फोटोत त्यांचा अंगठा रात्रपाळीवर आला होता. आत्याने डोळे ताणून ते वाचलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पीडीएफ केली. संध्याकाळी आणखी एक फोटो. दुसऱ्या दिवशी आणखी.

शेवटी मेट्रनबाई तिच्या खोलीतच आल्या. “बाई, तुमचा चार्ट आता काचेच्या कपाटात गेलाय,” त्या म्हणाल्या. “बघा, पण हात लावू नका.”

आत्या त्या रात्री माझ्यावरच उखडली. म्हणाली, वर्ड दिलं तर मोडतं, पीडीएफ दिलं तर उघडत नाही, तुमच्या शाळेत नेमकं शिकवतात तरी काय. मलाही राग आला. पीडीएफ उघडत होती, फक्त बदलता येत नव्हती, पण हे कितव्यांदा सांगायचं? मी तिला चार्ट एक्सेलमध्ये घालून दिला. खरेखुरे रकाने, स्पेसबारची गरज नाही, मेट्रनबाईंना हवं ते बदलता येईल. आत्याने तो मेट्रनबाईंकडे पाठवला, आणि बदल करून झाले की तुम्हीच सगळ्यांना पुढे धाडा, असं कळवलं. आपल्या मागची कटकट गेली, असं तिला वाटलं.

शनिवारी दुपारी आत्या घरी भाजी निवडत होती. फोन वाजला, मेट्रनबाईंनी धाडलेला पुढच्या आठवड्याचा चार्ट आला होता. सवयीने तिने तो उघडला आणि निवडायची थांबली.

“मी या दोघींना एका वॉर्डात घातलं?” ती म्हणाली. “शक्यच नाही.”

मी बघितलं. रकाने सरळ होते, नावं बरोबर होती, चूक कुठेच दिसत नव्हती. पण आत्या बोट फिरवत एकेक चूक दाखवत गेली. दिवस भरत आलेल्या नर्सला आठवडाभर रात्रपाळी लागली होती. लंबू सिस्टर सलग सुट्टीवर होती. मग माझ्या लक्षात आलं. नावं पटकन सापडावीत म्हणून मेट्रनबाईंनी नावांचा तेवढा रकाना निवडून अक्षरांच्या क्रमाने लावला होता. एक्सेलने मध्येच काहीतरी विचारलं असेल, त्यांनी न वाचता होकार दिला असेल. नावं खालीवर झाली आणि ड्यूट्या जागच्या जागी राहिल्या. जवळजवळ प्रत्येकीला दुसरीचा आठवडा मिळाला होता, आणि तो उद्या सकाळपासून सुरू होणार होता.

मी म्हटलं, बरोबर फाइल पुन्हा पाठवू. आत्या म्हणाली, नको. दोन फाइली गेल्यावर कोण कुठली उघडेल याची खात्री काय? तिने फोन घेतला आणि एकेकीला लावायला सुरुवात केली. आलेला चार्ट बघू नकोस, मी सांगते ते ऐक. अर्ध्याजणींचे फोन लागेनात, वॉर्डातला फोन सारखा व्यग्र. एकीने विचारलं, नक्की ना, कारण मागच्या वेळी पण तुम्ही नक्की म्हणाला होतात. आत्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अंधार पडला तरी भाजी तशीच. लंबू सिस्टर तेवढी शेवटपर्यंत सापडली नाही. ती सुट्टी समजून बहिणीकडे निघून गेली होती. तिच्या जागी आत्याने कोणाकोणाची मनधरणी केली ते मी ऐकलं, आणि ऐकवत नव्हतं.

रविवारी एकही वॉर्ड रिकामा राहिला नाही. तरी सोमवारी मॅनेजरांच्या कानावर गेलंच. आत्या टेबलाचा खण आवरूनच त्यांच्या केबिनमध्ये गेली, पण मेट्रनबाई तिच्या आधी पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, बटण माझ्या हातून दाबलं गेलं, आणि चूक कोणाच्या लक्षात आली असेल तर ती फक्त यांच्या. मॅनेजरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, तूर्तास चार्ट बाईंकडेच राहू दे.

तूर्तास या शब्दावर आत्या अजून धुमसते. पण तिने पद्धत बदलली. बदलता येणारी फाइल फक्त तिच्याकडे. मेट्रनबाईंनी फोन करायचा, आत्या बदल करणार, मग सगळ्यांना पीडीएफ, फाइलच्या नावातच तारीख.

गेल्या आठवड्यात मॅनेजरांचा ईमेल आला. बाहेरच्या कंपनीला नमुना दाखवायचा आहे, चार्ट पाठवा. आत्याने मला फोन केला. “कशात पाठवू?”

मी म्हटलं, कंपनीला एक्सेल सोपं पडेल, त्यांना त्यातून सगळं उचलता येतं.

पलीकडे लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. मग कळा बडवल्या गेल्या. तिने पीडीएफ पाठवली. तळाशी ठरलेली ओळ होतीच: ‘बदल असल्यास मला कळवावे.’