काउंटरसमोरचा फोटो

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. आधी गाणी, मग जेवण, आणि भिंतीवर मी काढलेले फोटो. उत्तर केनियातल्या सांबुरू गुराख्यांचे.

मी तिथे गेलो तेव्हा दुष्काळ होता. कोरड्या नदीच्या वाळूत खड्डे खणून माणसं गुरांना बादलीने पाणी पाजत होती. एका सकाळी मी उतरलो होतो त्या घरची गाय मेली. घरातल्या म्हाताऱ्याचा शब्द सगळी वस्ती मानायची. त्यानेच सुरी घेऊन ती सोलली. सुनांनी कातडं जमिनीवर खुंट्या ठोकून ताणलं, वाळलं की अंथरायला. गाय गेल्याचं दुःख होतं, पण कामाची लाज कोणाच्या तोंडावर नव्हती. मी फोटो काढला आणि कॅमेरा बाजूला ठेवून रडलो. माझे आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. आम्ही बौद्ध झालो, ते काम सुटलं, बरंच झालं. पण ते काम करणारा माणूस मान वर करून उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हणून तो फोटो सगळ्यात मोठा छापून मधोमध लावला.

मंडळाचे सचिव माझ्यासारखेच आयटीतले. भिंतीवरून नजर फिरवत म्हणाले, "सुपर्ब हो! काय लाइट पकडलाय!" मग मधल्या फोटोपाशी अडखळले. "हा एवढा काढूया का? समोरच फूड काउंटर आहे. जेवताना लोकांना कसंतरी होईल."

"मारलेली नाहीये हो गाय. मेलेली आहे."

"तेच तर," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळं हसले. "गैरसमज नको हं, सर. आपल्यात इथे कोणी तसलं काही मानत नाही."

मानण्याबिनण्याचं मी काहीच बोललो नव्हतो.

असा संताप आला की फ्रेम तिथेच आपटावी. पण माझी मुलगी चार पावलांवर मैत्रिणींना डचमध्ये फोटो समजावून सांगत होती. तिला या भानगडीतलं काही ठाऊक नाही, आणि ते तसंच राहावं म्हणून मी मुकाट फ्रेम उतरवली.

गाणी सुरू झाली. सचिव माइकवर आले. "आजची ढोलकी खास पुण्याहून आणलीये! प्लास्टिक-बिस्टिक नाही, अस्सल चामड्याची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. या चामड्याने कोणाला कसंतरी झालं नाही.

माझ्या मांडीवरची पालथी फ्रेम बघून मुलीने विचारलं, "बाबा, व्हाय इज दॅट वन डाउन?"

"भिंतीवर जागा नव्हती गं."

तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या हुककडे बोट दाखवलं.

"बट देअर इज, बाबा. राइट इन द मिडल."