काकाजींना ऐकू येत नव्हतं

मी विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. लोकांना वाटतं तिथं दिवसभर बटणं दाबायची असतात. बटणाला हात लागतो दिवसातून दोन-चार वेळा. बाकी सगळं काम फोनवर. कुठली लाइन (आमच्या भाषेत फीडर) चालू, कुठली बंद, कोण खांबावर चढलंय, कोण उतरलंय, हे सांगत राहायचं आणि ऐकत राहायचं.

पद्धत साधी असते. तार तुटली किंवा काही फुटलं, की लाइनमन फोन करून लाइन बंद मागतो. ऑपरेटर लाइन बंद करते, रजिस्टरात लिहिते आणि त्याला एक नंबर देते. त्या नंबराला परमिट म्हणतात. नंबर हातात आल्याशिवाय चढायचं नाही. काम झाल्यावर खाली उतरून तो नंबर परत करायचा, मगच लाइन चालू होते. लाइनमन दहा-बारा किलोमीटरवर असतो, ऑपरेटरला तो दिसत नाही. त्याचा जीव आणि वीज यांच्यामध्ये फक्त फोनवरचा आवाज असतो.

आमच्याकडे हे सगळं हिंदीत चाले. आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटातलं मराठी घर, आजोबांपासून सरकारी नोकरीतलं. पण मराठी उरली ती सणावाराला आणि नागपूरच्या मावशीच्या फोनवर. शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं हिंदीत. नोकरीत मराठी बोलायला मिळाली ती काकाजींमुळे. काकाजी किरनापुरच्या बाजूचे लाइनमन, माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच आठवड्यात माझं आडनाव कळल्यावर फोनवर म्हणाले, "अवं, तू आपलीच पोरगी हायेस तं हिंदी काहून झाडून राह्यली?"

तेव्हापासून आमचं परमिट मराठीत चालू झालं. "बाई, किरनापुरचा फीडर बंद देजो वं." "देते काकाजी, थांबा." माझी मराठी अडखळायची, ते दुरुस्त करायचे. एकदा मी 'तार तुटला' म्हणाले तर हसत सुटले. "तार तुटली म्हन. तार बाईमानूस हाये."

तीन-चार वर्षं अशी गेली. मग हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हौ." पाऊस आहे का तिकडं? हौ. जेवलात का? हौ. मला वाटलं वय झालं, थकले असतील.

एक दिवस सकाळी ते रजिस्टरवर सही करायला सबस्टेशनात आले. मी त्यांच्या मागे उभी होते. "काकाजी, चहा घेता का?" त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. ते सही करत राहिले. मी फिरून समोर गेले, तर मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "हौ."

"मी काय विचारलं, काकाजी?"

ते पेनचं टोपण लावत राहिले.

"तुम्हाले आयकू येत नाई का?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, कुणी आहे का म्हणून. मग खुर्ची ओढून बसले. "उजवा कान तं गेलाच. डाव्यानं येते थोडं थोडं. बायकापोरांचा बारीक आवाज तं समजतच नाई. गोंदियाले दाखवलं. डाक्टर म्हने मशीन लावा. मशीन लावून खांबावर चढलो का साऱ्या गावाले दिसते."

"साहेबांना सांगा ना. खालचं काम देतील."

"खालचं काम म्हंजे कोनतं? तक्रारीच्या फोनवर बसवतील. बहिऱ्याले फोनवर!" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "दोन वर्सं राह्यले माहे रिटायर व्हाले. वर चढाले कान कायले पायजे? हातपाय पायजे. बाई, तुह्या पाया पडतो, कोनाले सांगू नोको."

ते खरंच वाकायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, नाही सांगणार.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक रीत बसवली. मी आवाज जाड करायचा, एकेक शब्द सुटा बोलायचा. आणि 'हौ'वर कधीच थांबायचं नाही. "नंबर सांगा." ते एकेक आकडा परत म्हणायचे. "कोणता फीडर?" तेही म्हणायचे. "लाइन चालू की बंद?" "बंद." चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मला तो जाड आवाज काढताना ऐकून खोलीतली माणसं हसायची. "थानेदारनी आ गई," म्हणायची. मीही हसायचे. खरं म्हणजे मला अभिमान वाटायचा. वाटायचं, मी यांना सांभाळतेय. सव्वा वर्षात एकही चूक झाली नाही.

माझ्या पाळीत. इतर पाळ्यांत काय होत असेल, हे मी मनात येऊ दिलं नाही. काकाजी मोठी कामं माझ्या पाळीतच काढायचे, इतर वेळी सोबतच्या जोडीदाराला फोन करायला लावायचे, चालून जायचं.

मग माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मला चार दिवस सुटी हवी होती. माझ्या जागी जो ऑपरेटर बसणार होता तो वारासिवनीकडचा, माझ्याहून लहान, कामाला चांगला, हिंदीच बोलणारा. त्याला रजिस्टर सोपवताना मी म्हणाले, "काकाजी से फोन पे ज़रा ज़ोर से बोलना."

तो म्हणाला, "दीदी, यहाँ तो सबसे ज़ोर से बोलना पड़ता है. नेटवर्क ही ऐसा है." आणि हसला.

मी पुढं बोलणार होते. इतकंच म्हणायचं होतं, की त्यांना ऐकू येत नाही, नंबर परत म्हणवून घे. चार शब्द. पण काकाजी वाकले होते ते आठवलं. बाहेर भाऊ गाडीवर थांबला होता, हॉर्न वाजवत होता. मी पर्स उचलली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काकाजी खांबावरून पडले. लाइन चालू होती.

काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या दिवशी काकाजींनी स्वतःच फोन करून बंद मागितला. ऑपरेटर म्हणाला, "अभी बंद नहीं हुआ है, दस मिनट रुको, मैं बताता हूँ. ठीक है?" वारा होता, मोबाइल खरखरत होता. त्यातून काकाजींच्या डाव्या कानात शिरले दोनच शब्द, 'बंद' आणि 'हुआ'. ते म्हणाले, "हौ." ऑपरेटरनं फोन ठेवला. नंबर मिळाला नव्हता, तरी काकाजी चढले. कारण इतर पाळ्यांत नंबर नंतर लिहून घ्यायची सवय सगळ्यांनाच होती. चुकून वीज आली तर ती जमिनीत जावी म्हणून चढण्याआधी तारेवर अर्थिंगची साखळी टाकायची असते, तीही टाकली नाही. जोडीदार गाडीतून सामान काढत होता. त्यानं आवाज ऐकला.

नागपूरला नेलं. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. डोक्यावर पडल्यामुळे डावा कानही गेला. आता काहीच ऐकू येत नव्हतं.

इकडे दुसऱ्याच दिवशी त्या ऑपरेटरला निलंबित केलं. तो सगळ्यांना सांगत सुटला, "मैंने साफ़ बोला था रुको. उन्होंने हाँ बोला." कुणी विश्वास ठेवेना. तीस वर्षं खांबावर चढणारा माणूस, थांब म्हटल्यावर कशाला चढेल? काकाजींच्या गावचे लोक सबस्टेशनसमोर येऊन बसले. तो मुलगा मागच्या खोलीत बॅटऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसून रडत होता. मला पाहून म्हणाला, "दीदी, आप तो जानती हो ना उनको. आप ही बताओ, मैं झूठ बोलूँगा?"

चौकशीसाठी सगळ्यांकडून लेखी जबाब मागितले होते. माझाही. मी त्याआधी नागपूरला गेले.

काकाजी वॉर्डच्या शेवटच्या खाटेवर होते. त्यांची बायको, काकी, औषध आणायला खाली गेली होती. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण आधार द्यायला त्या बाजूला हात नव्हता, ते कलंडले. मी सावरलं. बोलण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून वही काढली आणि लिहिलं, 'चौकशीत कानाचं सांगू का? तो पोरगा फुकट मरतो आहे.'

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत होते, जणू पानभर मजकूर आहे. मग मान हलवली, नाही. मी पुन्हा लिहिलं, 'त्याची चूक नाही.' ते वाचून त्यांनी डाव्या हातानं वही ढकलून दिली. वही खाटेखाली पडली. मग बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं बोलले, सारा वॉर्ड वळून पाहायला लागला.

"तू म्हनली होती, सांगनार नाई!"

मी खाली वाकून वही उचलली. तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आठ दिवस जबाबाचा कागद माझ्याकडे कोरा राहिला. मग मी लिहिला. हिंदीत, दोन पानं. त्यांना किती वर्षांपासून कमी ऐकू येत होतं, मला कधी कळलं, मी का लपवलं, सुटीवर जाताना काय बोलले आणि काय बोलले नाही. साहेबांनी समोर बसवून वाचला. वाचून चष्मा काढला. "आपको पता था? इतने दिन से?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "एक बार मेरे पास आ जातीं." त्यांचा स्वर रागाचा नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तो ऑपरेटर परत कामावर आला. निरोप परत म्हणवून न घेता फोन ठेवल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. मला फोनवरून काढून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. आणि काकाजींच्या नोकरीच्या कागदावर आलं, की त्यांनी स्वतःचं अपंगत्व लपवून ठेवलं होतं. माझ्या जबाबातलंच वाक्य होतं ते. मी जसं लिहिलं होतं, तसंच.

सात-आठ महिन्यांनी हिंमत करून मी त्यांच्या गावी गेले. किरनापुरला बस सोडली, पुढं ऑटो. काकाजी अंगणात पाटावर बसून एका हातानं लाखोळीच्या शेंगा सोलत होते. शेंग पायाच्या अंगठ्याखाली दाबायची आणि डाव्या हातानं फोडायची. मला पाहिलं. टोपली बाजूला सारली, उठले आणि घरात निघून गेले. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

काकीनं मला बाजेवर बसवलं. पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तूच लिहून देल्लं ना, का यायले आयकू येत नव्हतं?"

मी म्हणाले, "हो. माफ करा, काकी."

"माफी नोको मागू. मले एक सांग. किती वर्सं झाले होते?"

मी म्हणाले, मला कळलं त्याच्याही आधीपासून. चार-पाच वर्षं तरी.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. घरी माहीत असेल असं मी धरून चालले होते. तिला अपघातापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं.

"पाच वर्सं," ती म्हणाली. "मी बोलो तं हे उठून जात. जेवताना इचारलं, भाजी कशी झाली, तं आपले खाली पाहून जेवत. मले वाटे, यायचं माह्यावरून मन उडालं. दुसरी बाई हाये का, असं बी मनात आलं. मंग मीबी बोलनं सोडलं. एका घरात आमी दोघं मुक्यावानी राह्यलो. मी रागात, अन् यायले आयकूच येत नव्हतं." तिनं पदर तोंडावर धरला. "एक डाव सांगतलं असतं. मी का टाकून देल्लं असतं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

डोळे पुसून तिनं विचारलं, माझ्याजवळ कागद आहे का. म्हणाली, "यायले वाचता येते. मले लिहिता येत नाई. लेक पुन्याले, सून बी तिकडंच. आता सारं समजलं, तं मी सांगू कशी?"

मी वही काढली. ती पाटावर बसली, त्या पसरलेल्या शेंगांशेजारी, आणि विचार करायला लागली. मग म्हणाली, "लिही. मले मालूम नव्हतं. मालूम असतं तं मी मोठ्यानं बोलली असती."

मी तिच्याच बोलीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. पान फाडून दिलं. ती ते दोन्ही हातांत धरून आत गेली.

घरात काहीच आवाज नव्हता. शेजारच्या अंगणात एक बाई धान पाखडत होती, तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. काकी परत आली तेव्हा हातात कागद नव्हता.

"वाचलं," ती म्हणाली. "रडून राह्यले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू आता जाय, बाई. तू इथं बसली असली तं ते बाहेर येनार नाईत."

मी उठले. वही आणि पेन तिच्याजवळ ठेवू का विचारलं. ती म्हणाली, "ठेव. कोनाकडून तरी लिहून घेईन." मी ती बाजेवर ठेवली आणि सडकेकडे चालायला लागले.