धाकू नाखव्याचा आवाज

आमच्या मोरा बंदरात आवई होती की धाकू नाखवा नातीला शिवत नाही, कारण त्याला नातू हवा होता. साफ खोटं! त्यानं आदल्या साली, १९६४ला, होडी विकून खाडीपलीकडच्या अणुभट्टीत नोकरी धरली होती. तिथल्या किरणोत्सर्गी कचऱ्याची पिंपं तो पुरायचा. साहेब म्हणत, अंग धुतलं की भीती नाही. नाखवा मात्र घोगऱ्या आवाजात मला सांगे, "मासली नासली तं वास येतो रं. याला वासच न्हाय. हात धुतलं तरी गेलं का न्हाय, कसं समजावं? उगाच होडी इकली."

तान्ह्या नातीला, केसरला, तो अंगणातूनच हाका मारी.

मी गावभर नकला करत हिंडायचो. म्हटलं, "नाखवा, पाळण्याशी तुमच्या आवाजात गातो. पोर हसली की तुम्ही उचलणारच. लावा पैज!"

"हरलास तं रोज गायाचं."

मी गायलो, हुबेहूब घोगरा. केसर खुदकन हसली आणि मान वळवून दाराकडे बघू लागली. नाखवा उंबऱ्याबाहेर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तो आत आला नाही.

आता रोज संध्याकाळी मी त्याच्या आवाजात गातो, आणि तो बाहेरून माझा चुकलेला सूर सांगतो.