पट्टीआडची बटणं

सगळे त्याला अर्धाइंच म्हणत. कुणीही माप द्यायला गेलं की हा म्हणणार, "अर्धा इंच सोडू या, माणूस काही तेवढाच राहत नाही." नाकासमोर चालणारा शिंपी, दुसऱ्याच्या भानगडीत कधी पडला नाही. पण बागवाल्या मोठ्या घरच्या मालकांचा खून झाला आणि पोलिसांनी माळ्याला उचललं. माळी म्हणजे याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मग गप्प कसा बसेल बिचारा?

त्या सकाळी शिवलेली पँट द्यायला तो तिथेच गेला होता. मालक तळ्याकाठी उताणे पडलेले, डोक्याला खोक, शेजारी माळ्याचं रक्ताळलेलं फावडं. आदल्या दिवशीच कुंपण छाटण्यावरून दोघांची जुंपली होती. झालं, पोलिसांना आणखी काय हवं? पुतण्याने सांगितलं, काका कोट घालून एकटेच बागेत गेले. उचलायला अर्धाइंचनेही हात लावला. सवयीने कोटाची पट्टी सरळ करायला गेला आणि चरकला. पट्टीखालची पाचही बटणं काज्यांत नीट लावलेली होती.

यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. दोन वर्षं झाली, मालकांच्या बोटांनी बटण लागत नव्हतं. बोटं दुखतात, एवढंच घरी ठाऊक. पण माणूस मोडेन पण वाकणार नाही यातला. अर्धाइंचकडून त्यांनी गुपचूप सगळ्या कोटांना बटणं झाकणारी पट्टी लावून घेतली, आत चुंबक बसवून घेतले आणि कुणाला शंका नको म्हणून बटणंही तशीच ठेवली. छातीवरून हात फिरवला की कोट बंद. कुणाला सांगणार नाही, असं वचनही घेतलं होतं.

तीन दिवस ते वचन त्याच्या जिवाला खात राहिलं. बहीण दुकानात येऊन मुकाट काजी करत बसायची, ते त्याला बघवेना. शेवटी शोकसभेच्या काळ्या कोटाचं माप घ्यायचं निमित्त काढून तो पुतण्याकडे गेला. टेप लावता लावता सहज विषय काढला.

"माझ्या डोळ्यांदेखत कोट घातला, एकेक बटण लावलं आणि निघाले," पुतण्या म्हणाला.

अर्धाइंचने माप वहीत उतरवलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं.

संध्याकाळी मालकांच्या दिवाणखान्यात पोलिसांच्या साहेबांनी सगळ्यांना बसवलं. अर्धाइंचने मालकांचा दुसरा कोट आणून पट्टी उलटून दाखवली. मेल्यावर ज्याने कोट चढवला, त्याला फक्त बटणंच दिसली. कोट आतल्या कपाटात असायचे, आणि माळ्याला तर घरात पाऊल टाकायची मुभा नव्हती. पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. काका जमीन विकू देईनात, म्हणून त्यानेच घरात त्यांच्या डोक्यात पितळी दिवा घातला होता. मग कोट चढवून त्यांना तळ्याकाठी नेऊन टाकलं आणि फावड्याला रक्त फासलं. त्याच रात्री माळी सुटणार असं साहेबांनी सांगितलं, तशी बहीण भावाचा हात धरून ढसाढसा रडली.

सगळे पांगले. मालकांची बायको तेवढी तो कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. अर्धाइंचने हात जोडले, वचन मोडल्याची माफी मागितली. बाईंनी पट्टी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"रोज सकाळी मी त्याच खोलीत असायचे," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतं, तर मी लावून दिली असती की बटणं."