आप्पांचा पहिला पाट आणि नव्वद हात वायर

किस्से कुणी गोळा करत नसतं, ते आपोआप साठतात. मी वडवणीत पंचवीस वर्षं टीव्हीच्या केबलच्या वायरी ओढल्या. काम संपलं की वीत-दीड वीत तुकडे उरतात. जोडायला आखूड, आणि टाकून द्यायला जीव होत नाही. ते पिशवीत जातात. आज ही पिशवी उपडी करतोय. निघालेले तुकडे सगळे एकाच वायरीचे आहेत. विश्वनाथआप्पांच्या घरी गेम खेळायच्या डब्याला इंटरनेट न्यायला टाकली होती ती.

शाळा मी सातवीत सोडली. मास्तर म्हणतात शाळेनं मला सोडलं. दोघांपैकी कुणाचं तरी भलं झालं.

*

आप्पांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. तो दिवाळीला टीव्हीला लावायचा गेमचा डबा घेऊन आला आणि जाताना इथंच विसरला. आप्पांनी आधी त्याच्यावर फडकं झाकलं. मग एक दिवस फडकं काढून क्रिकेट लावलं. पुढं महिनाभर गिऱ्हाईक मीटर विचारायचं आणि आप्पा ओव्हर सांगायचे.

आप्पांचे साडू औरंगाबादला. आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, थोरल्या बहिणीचे मालक. आप्पांनी फ्रिज घेतला की त्यांचा पुढच्या महिन्यात मोठा फ्रिज. त्यांनी पण तसलाच डबा घेतला आणि इंटरनेटवरून दोघांनी समोरासमोर खेळायचं ठरलं.

इथवर खेळ होता. पण त्या साली धोंड्याचा महिना येणार होता. तीन वर्षांतून एकदा येतो. सासू जावयांना बोलावते, पाटावर बसवते, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढते. सासरवाडी आष्टीला. पहिला पाट थोरल्या जावयाचा. आप्पा लग्न झाल्यापासून दुसऱ्या पाटावर. थोरल्याचं कौतुक होईस्तोवर आप्पांच्या ताटातलं तूप थिजायचं.

औरंगाबादकर फोनवर म्हणाले, "एक मॅच जिंकून दाखवा, पहिला पाट तुमचा. पण ज्याची लाईन तुटंल तो हरला. न्हाईतर तुमी हरायला लागले की वायर उपटताल."

आप्पांनी फोन ठेवला आणि मला बोलावलं. "किसना, मला तुटत न्हाई अशी लाईन पायजे."

मी म्हणालो, "आप्पा, वडवणीत तुटत न्हाई असं एकच हाय, तुमचा शब्द."

"मग तोच दिला समज त्यांना. आता तू वायर दे."

*

फोन आणि इंटरनेटचं मशीन दुकानात. टीव्ही बोळाच्या पलीकडं, घरात. मधलं अंतर नव्वद हात. माझ्याकडं या वायरीचे दोन तुकडे होते, ते जोडायला बशीरभाईंना आणलं. बशीरभाई टेलिफोनचे रिटायर लाईनमन. खांबावर चढून नोकरी केलेला माणूस, जमिनीवर आला की गप्प असायचा.

त्यांनी वायर सोलली. आत आठ तारा. त्यांनी दोन जोडल्या आणि सहा पक्कडीनं कापून टाकल्या.

"टेलिफोन दोन तारांवर चालतो आप्पा. या लोकांनी उगी सहा घालून वजन वाढवलं."

इंटरनेट काही आलं नाही. मग आठच्या आठ पुन्हा सोलून जोडायच्या ठरल्या. बशीरभाईंची नजर अधू. नारिंगी कोणती आणि नारिंगी पट्ट्याची पांढरी कोणती, त्यांना कळेना. मला कळत होतं, पण मी गंमत बघत होतो. त्यांनी बसून तीन खेपा जोडलं, तीन खेपा सोडलं. वायर एक हात आखूड झाली.

शेवटी आप्पा गिऱ्हाईक सोडून उठले. आठ तारा काउंटरवर पसरल्या आणि साड्या दाखवतात तशा दाखवायला लागले. "ही शेंदरी. ही पांढरी, शेंदरी काठाची. ही हिरवी. ही पांढरी, हिरव्या काठाची. ही कत्थई, हिला उठाव न्हाई, कडंला ठेवा."

पहिल्या झटक्यात इंटरनेट आलं. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, "यातली कितीला दिली?"

*

पहिल्या दिवशी आप्पा बटन दाबायचे आणि टीव्हीतला माणूस जरा थांबून बॅट फिरवायचा.

"ह्यो विचार करून मारतोय का काय?" आप्पा म्हणाले.

मी गंभीर तोंड करून सांगितलं, "वैशाखाचं ऊन हाय. वायर तापली की इंटरनेट पातळ होतं. ओलं फडकं गुंडाळा."

आप्पांनी दुकानातलं कोरं मांजरपाट फाडलं, भिजवलं आणि दिसली तेवढी वायर गुंडाळली. बोळातून जाणारा-येणारा विचारायचा, "वायरीला ताप आला का?"

वाईट एवढंच झालं की त्या दिवशी गेम सुरळीत चालला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरच्या वायरीला ओलं फडकं गुंडाळलं. कुणाला सांगितलं नाही.

*

बोळावरनं गेलेली वायर आम्ही दोन माणूस उंचीवर ताणली होती. बोळातून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर जातो हे ध्यानात होतं. कडबा किती उंच भरतात हे ध्यानात नव्हतं. पहिला ट्रॅक्टर वायर घेऊनच बाजाराकडं गेला. आप्पा खेळता खेळता हरले.

वायर आणखी वर घेतली, या घराच्या माळवदावरून त्या घराच्या माळवदावर अशी. आता ट्रॅक्टर पोचेना. दोन दिवसांनी लाईन पुन्हा आचके द्यायला लागली. मी शिडी लावून वर गेलो. शेजारच्या काशीबाईंनी अख्ख्या वायरीवर शेवया वाळत घातल्या होत्या. खालचा सांधा वजनानं ओढला जात होता.

मी म्हणालो, "काशीबाई, ही इंटरनेटची वायर हाय."

"मग? शेवया मऊ पडत्यात का तिनं?"

"शेवयांना काही व्हत न्हाई. आप्पा हरतेत."

"आप्पाला म्हणावं या शेवयांच्या शिरवळ्याला ये जेवायला. हरल्यावर भूक लागती."

ही हकीकत फोनवरून औरंगाबादला पोचली. साडू पोट धरून हसले. "आमच्याकडं वायर जमिनीखालून असती आप्पा. ट्रॅक्टर जाऊ द्या, मुंगी अडकत न्हाई."

आप्पांनी हे आम्हाला सांगितलं, तेव्हा बशीरभाई सुपारी कातरत होते. सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "माझा बी साडू औरंगाबादला हाय. खड्डे खोदायचं मशीन चालवतो."

तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. बशीरभाई महिन्यातून एकदा असं काहीतरी बोलायचेच.

*

वायर झाली, सांधे झाले, लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आला. तरी आप्पा जिंकायला आले की लाईन जायची. हरत असले की चांगली चालायची. आप्पांनी देवाला विचारलं, ग्रामदैवताला विचारलं, मला सुद्धा विचारलं.

बशीरभाई एक दिवस मॅच बघत बसले. शेवटची ओव्हर आली, आप्पा जिंकायला आले, तेवढ्यात घरातला फोन वाजला. वाजला आणि टीव्हीतला खेळ थांबला. वहिनींनी फोन उचलला. "हां ताई. कांदे? हायेत की घरात. बरं."

बशीरभाईंनी विचारलं, "वहिनी, कोण हो?"

"ताई. औरंगाबादची. रोज या टायमाला फोन करती. काल मीठ विचारलं, परवा सुई हाय का म्हणली."

दुकानातला आणि घरातला फोन एकाच लाईनवर. त्यावर इंटरनेटही. घंटी वाजली की इंटरनेट पडायचं. औरंगाबादकर हरायला आले की बायकोला खुणावायचे, "लाव फोन."

वहिनी म्हणाल्या, "तरी मी म्हणते, एवढी कशी आठवण यायली ताईला."

बशीरभाईंनी घरातल्या फोनला आगपेटीएवढी डबी लावली. म्हणाले, आता कितीबी घंट्या वाजू द्या. निघताना त्यांनी सहज विचारलं, "आप्पा, तुमचे साडू कोणत्या गल्लीत राहतेत?"

आप्पांनी गल्ली सांगितली. "कावून?"

"असंच. वळख निघती का बघतो."

*

शेवटची मॅच धोंड्याच्या जेवणाच्या आधीच्या रविवारी ठरली, संध्याकाळी पाचला. मला बोळाच्या तोंडाशी उभं केलं होतं, कडब्याचे ट्रॅक्टर अडवायला. माळवदावर काशीबाई स्वतः राखण करत होत्या. टीव्हीसमोर आप्पा, शेजारी वहिनी, मागं बशीरभाई.

पण खेळ तर खेळावा लागतो. औरंगाबादकर बॅटिंगला, सहा चेंडूत चार रन पाहिजे, पाच गडी शिल्लक. मी मधेच येऊन बोळाकडच्या खिडकीतून आत बघितलं. फोन एकदा वाजला, खेळ काही थांबला नाही. वहिनींनी फोनही उचलला नाही.

पहिल्या चेंडूवर एक रन. दुसऱ्यावर एक. बशीरभाईंनी घड्याळात बघितलं.

तिसऱ्या चेंडूला पडदा काळा झाला. सगळ्यांनी बोळाकडं बघितलं. बोळात ट्रॅक्टर नव्हता, मीच होतो. वायर जागेवर होती. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. वहिनींनी वाचून दाखवलं, समोरच्याची लाईन तुटली.

आप्पा म्हणाले, "पुन्हा वाच."

*

आष्टीला जीप मीच चालवत नेली, म्हणून पुढचं डोळ्यानं बघितलेलं आहे.

आप्पा पहिल्या पाटावर बसले. मांडी घालायला जरा वेळ लागला, जागा सवयीची नव्हती. सासूबाईंनी धोंडे वाढले, वर तूप. औरंगाबादकर दुसऱ्या पाटावरून सासूबाईंना सांगत होते, "ऐन रविवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या गल्लीत मशीन आलं. दारासमोर दोन हात खड्डा खोदला. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, वरून हुकूम हाय. खोदला अन् तसाच बुजवून गेला. कशासाठी, कुणाला पत्ता न्हाई."

आप्पांचा घास हातात थांबला. मग तो त्यांनी सावकाश तुपात बुडवला. "तूप गरम हाय तवर खाऊन घ्या," ते साडूंना म्हणाले.

परत आल्यावर आप्पा घरात गेलेच नाहीत. दुकान उघडलं, पॅन्ट-शर्टाचं भारीतलं कापड फाडलं, कागदात गुंडाळलं, वर नारळ ठेवला आणि बशीरभाईंच्या हातात दिलं.

"हे कुणाला?"

"तुमच्या साडूला. धोंड्याचा महिना हाय."

बशीरभाई म्हणाले, "आप्पा, आमच्यात धोंडे नसतेत."

"असू द्या," आप्पा म्हणाले. "साडू तर असतेत."